उरलेली अर्धी ओळ

युस्टीनाकाकू आणि गेरहार्डकाका यांचं भांडण ऐकायचं असेल, तर त्यांची घरगाडी मागे घेतानाची वेळ निवडू नये. त्या वेळी दोघं अवाक्षर काढत नाहीत. इतरांचं उलटं असतं. अलास्का हायवेवरच्या घरगाड्यांच्या कुठल्याही मुक्कामतळावर संध्याकाळी सहाच्या सुमाराला उभं राहावं. एकेक घरगाडी येते, दोन झाडांमधल्या जागेत मागे मागे सरकायला लागते, आणि दिवसभर गोडीगुलाबीने आलेली नवरा-बायको एकमेकांवर खेकसायला लागतात.

"डावीकडे घे!"

"तुझं डावं की माझं डावं?"

"देवाचं डावं! अरे थांब, झाड आहे!"

काकाकाकूंचं तसं नाही. काकू खाली उतरतात, भट्टीतून पाव काढायचे जाडजूड लाल हातमोजे चढवतात आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहतात. काका आरशात फक्त ते लाल हात बघतात. दोन्ही तळवे स्वतःकडे हलले की ये. एक हात बाहेर गेला की त्या अंगाला वळ. तळवा जमिनीकडे दाबला की हळू, जरा दमानं. मुठी मिटल्या की थांब. नऊ वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही.

हे मला काकूंनी सांगितलं आणि काकांनी मधे मधे खोडून काढलं. तेव्हा जे राहिलं ते खरं असावं.

आमचं गाव सास्काचवानच्या सपाट गव्हाच्या मुलखातलं. आमचं चर्च जुन्या वळणाच्या मेनोनाइट पंथाचं, पांढऱ्या फळ्यांचं. पुरुष उजव्या बाकांवर, बायका डाव्या. पियानो नाही, ऑर्गन नाही, कधी नव्हता. अग्रगायक उभा राहतो, गाण्याचा क्रमांक सांगतो, डोळे मिटून आपल्या गळ्यातूनच पट्टी काढतो आणि पहिली अर्धी ओळ एकटा गातो. उरलेली अर्धी आम्ही सगळे उचलतो. प्रत्येक ओळीला असंच. पास्टर क्लासेन माणूस मोठा, पण माझ्यासारख्याला त्यांचं प्रवचन घरी जाईपर्यंत अर्धं विसरायला होतं. गायलेला उपदेश मात्र गुरुवारी गाईंचं दूध काढतानाही ओठांवर असतो. परमेश्वराने आपल्याला बोलायला एक आणि गायला दुसरा असे दोन गळे का दिले नाहीत, याचं उत्तर मला तिथे मिळालं. एकच पुरतो.

अडतीस वर्षं ती अर्धी ओळ गेरहार्डकाकांची होती.

मग मार्चमध्ये त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्झ गेला. शवपेटी समोर, बर्फ अजून खिडकीच्या निम्म्यापर्यंत, आणि काका उभे राहिले. फ्रान्झचं आवडतं गाणं, सहा कडव्यांचं. काकांनी पट्टी धरली आणि ती वर गेली. फार वर. पहिलं कडवं निभावलं, दुसऱ्यात बायकांच्या बाकांवरचे आवाज एकेक करून गळाले, आणि तिसऱ्या कडव्यातल्या उंच जागेवर काकांचा स्वतःचाच आवाज फाटला. आम्ही कुणी उचललं नाही, उचलताच येईना. आमच्या चर्चमध्ये गाणं अर्ध्यात थांबलं, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. घेतलेली पट्टी मध्येच सोडायची नाही, अशी आमच्याकडे रीत. अग्रगायकाला खूण करायची नाही, हीसुद्धा रीत. ती देवाची वेळ, ती त्याने आणि देवाने बघून घ्यायची. पास्टरांनी उरलेली कडवी वाचून दाखवली. वाचून! जणू सरकारी नोटीस.

दुसऱ्या दिवशी काकांनी गाण्याचं पुस्तक पास्टरांच्या दारात ठेवलं. त्यानंतर ते गायले नाहीत. चर्चमध्ये नाही, गोठ्यात नाही. जेवणाआधी टेबलाशी दोघं मिळून म्हणायची ते आभाराचं चार ओळींचं गाणंही गेलं. आता नुसती मान खाली घालायची आणि सूप थंड होऊ द्यायचं.

जूनमध्ये घरगाडी निघाली, तेव्हा पास्टरांची चिठ्ठी काकूंनी समोरच्या खणात ठेवली होती. कापणी उरकल्यावर चर्चच्या मंडळाची बैठक आहे. गेरहार्ड परत उभा राहणार असेल तर उत्तम. नसेल तर विजेचा ऑर्गन घ्यायचा, गाणाऱ्याशिवाय मंडळी किती दिवस ठेवणार? बैठकीआधी कळवावं.

काकूंना ते उत्तर हवं होतं. ऑर्गनशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांना पन्नास वर्षांपूर्वी ज्या आवाजामागे त्या गेल्या तो आवाज हवा होता. मुका नवरा घेऊन उरलेलं आयुष्य काढायचं या विचाराने त्यांना झोप लागेना. पण विचारायचं कसं? जून गेला, जुलै गेला. फोर्ट नेल्सनपलीकडे रस्त्यावर रानटी बायसन येऊन उभे राहिले, त्यांच्यासाठी गाडी अर्धा तास थांबली. तेव्हाही काकू बोलल्या नाहीत. लिअर्डच्या गरम झऱ्यात दोघं गळ्यापर्यंत बुडून बसली, तेव्हा बोलल्या.

"गेर्ट, ती चिठ्ठी."

"कुठली?"

"खणातली. जिच्यावर तू रोज नकाशा ठेवतोस ती."

"नकाशा ठेवायला जागा लागतेच ना," काका म्हणाले आणि पाण्याखाली गेले.

ऑगस्ट सरताना ते युकॉनमध्ये एका तळ्याकाठच्या सरकारी तळावर होते. रस्त्याकडेची गुलाबी फुलं पिसासारखी उडायला लागली होती, अ‍ॅस्पेनच्या पानांना पिवळी कड आली होती. तळावर जळणाची लाकडं रचायला आयडा नावाची बाई येत असे. ती त्याच मुलखातली, कास्का आदिवासींपैकी, काकूंच्याच वयाची. काकूंच्या हातात बादली बघून तिने लाकडं खाली ठेवली.

"बेरी तोडायला? टेकडीमागच्या उताराला जा, तिथे आहेत. पण तोंड बंद ठेवून जाऊ नका. अस्वलंही तिथेच आहेत. अस्वल माणसाच्या वाटेला जात नाही, पण न कळवता आलेला पाहुणा त्याला खपत नाही."

"काय करायचं मग?"

"बोला. गा. मी नातवंडांना शिव्या देत जाते."

काकू हसल्या. काकांकडे वळल्या. "चल रे. तू गा, मी तोडते."

"माझा गुडघा," काका म्हणाले. ते गाडीच्या चाकाखालच्या लाकडी ठोकळ्याकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"गुडघ्याने गायला सांगत नाही मी."

"तू गा. तुला येतं."

"मला? लग्नात तूच म्हणाला होतास, स्टीना, तू मधल्या बाकावर बस म्हणजे दोन्हीकडून झाकली जाशील."

"अजून लक्षात आहे?"

"बाईच्या लक्षात सगळं असतं, म्हाताऱ्या," असं म्हणून काकू बादली हलवत निघाल्या. शंभर पावलांवर जाऊन गायला लागल्या. आणि नेमकं फ्रान्झचंच गाणं. मुद्दाम नाही, असं त्या अजून शपथेवर सांगतात. ओठांवर तेच होतं.

काका खुर्चीवर बसून ऐकत राहिले. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण अडतीस वर्षांचा कान असा एका उन्हाळ्यात बंद होत नाही. काकूंचं गाणं नेहमीसारखं घसरत होतं. प्रत्येक ओळीला किंचित खाली, कडवं संपेस्तोवर पट्टीच बदललेली. पहिलं कडवं. दुसरं, आणखी खाली. काकांच्या पायाच्या अंगठ्याने बुटात ठेका धरला होता. तिसरं कडवं सुरू झालं. उंच जागा आली, म्हणजे काकूंच्या घसरलेल्या पट्टीत ती आता उंच राहिलीच नव्हती. आणि तिथेच गाणं तुटलं.

काका थांबले. बेरी खात असेल तोंडभरून, म्हणून थांबले. तळ्यावर एक पाणपक्षी ओरडला. मग काहीच नाही.

ते उठले. पत्र्याचं पातेलं आणि डाव घेतला, पट्ट्याला अस्वलासाठीचा तिखटाचा फवारा अडकवला आणि पातेलं बडवत निघाले. बडवणं तळ्यावर जाऊन चारी बाजूंनी परत येई, कुठून उत्तर आलं कळायची सोय नव्हती. ते टेकडीवर चढले. पलीकडे उतार, विलोची गचपणं, खाली कुठेतरी ओढ्याचा आवाज, आणि बेरीची झुडपं मैलभर सारखी.

"स्टीना!"

नाव टेकडीवर आपटून परत आलं. हाक ही एवढीशी वस्तू. सुटली की संपली, तिचा माग काढत कुणी येऊ शकत नाही. काकांनी तीन हाका मारल्या. चौथी मारायला तोंड उघडलं आणि त्यातून गाणं आलं.

पहिल्यांदा त्यांनी जुनीच पट्टी धरली, सवयीची. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, मार्चमध्ये फाटला होता तसाच. इथे कुणी ऐकत नव्हतं. शवपेटी नव्हती, बाक नव्हते. शरमायला कोण होतं? त्यांनी सोडून दिलं आणि खालून धरलं. तरी उंच. आणखी खाली. मघाशी काकूंचं गाणं जिथे घसरत घसरत पोचलं होतं तिथे ते शेवटी टेकलं, एखाद्या जड माणसाने पायरीवर बसावं तसं. तिथे आवाज फाटत नव्हता. जाडाभरडा होता, पण अखंड.

अर्धी ओळ गाऊन ते थांबले. चर्चमध्ये थांबतात तसेच.

ओढा. वारा. आणि मग उजव्या हाताला, खालून, बारीक, थरथरत, पण स्पष्ट अशी उरलेली अर्धी ओळ आली.

काका त्या दिशेने चालायला लागले. पुन्हा अर्धी ओळ, पुन्हा थांबणं. उत्तर आता जरा डावीकडून. दोन झुडपं ओलांडली, अर्धी ओळ. एक कुजलेलं खोड, अर्धी ओळ. गुडघा त्यांना आठवलाही नाही. चौथ्या कडव्याच्या अखेरीला त्यांना ओढ्याकाठी काकूंचा निळा रुमाल दिसला.

काकू शेवाळावर बसल्या होत्या. एक पाय पुढे सरळ, घोटा सुजलेला, बादली पालथी, जांभळ्या बेरी पाण्याच्या कडेने पसरलेल्या.

"अस्वल," त्या म्हणाल्या. "त्या बाजूला. वीस पावलांवर, गेर्ट! बसून खात होतं, शांतपणे, गालावर रस. त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझा आवाजच गेला. मागे सरले ती दगडावरून पडले."

"माझ्या हाका ऐकल्यास?"

"तिन्ही. ओ द्यायला घशातून हवा निघेना. पण तू अर्धी ओळ म्हणालास आणि उरलेली अर्धी आपोआप आली. अडतीस वर्षं येतेच आहे. ती मला थोडीच विचारते?"

"आणि अस्वल?"

"पहिल्या ओळीलाच उठून गेलं. यंदा तुझं दुसरं श्रोतृमंडळ पळालं म्हण."

काका शेवाळावर बसले आणि हसायला लागले, हसता हसता त्यांनी चेहरा हातात घेतला. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात ओढ्याच्या काठाने जे काही वाहून गेलं ते परमेश्वराला ठाऊक. मला विचारू नये.

मग काकांनी विचारलं, "फार खाली होतं का गं?"

"मला पोचलं."

"चर्चमध्ये एवढं खाली कुणी ऐकून घेईल?"

"चर्चमध्ये कोण उरलंय, बघितलंस का कधी? तुझे डोळे मिटलेले असतात. आगाथा पेनर त्र्याऐंशीची. हेलेनाला दमा. तरुण पोरं कॅलगरीला गेली. तू अजून चाळीस वर्षांपूर्वीच्या मंडळींसाठी पट्टी धरतोस." आणि मग त्यांनी उन्हाळाभर जे बोलायचं राहिलं होतं ते बोलून टाकलं. "फ्रान्झच्या दिवशी मला पहिल्याच ओळीला कळलं होतं. हे आपल्याला झेपणार नाही, हा फाटणार. मला कळलं होतं, गेर्ट."

काकांनी मान वर केली. "पहिल्या ओळीला?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"मग काय करायचं होतं? बायकांच्या बाकावरून हात हलवायचे होते? अग्रगायकाला?"

"एवढाल्या झाडांपासून तू मला वाचवतेस," काका हळू म्हणाले, "आणि तिथे सरळ आपटू दिलंस."

काकूंनी पालथी बादली ओढून घेतली. काकांनी त्यांना उठवलं, खांदा दिला, आणि दोघं लंगडत, पातेलं वाजवत तळावर आली. आयडाने घोट्याला पट्टी बांधली. "अस्वलाला भेटलात की नवऱ्याला?" तिने काकूंच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं.

"दोघांना," काकू म्हणाल्या.

दोन दिवस घरगाडीत भाजके पाव, सूप आणि शांतता. काका रागावले होते. कुणावर, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. अडतीस वर्षं आपण मिटल्या डोळ्यांनी एकटेच उभे होतो, आणि जिला सगळं दिसत होतं ती दहा पावलांवर बसली होती, हा विचार त्यांना सोडेना. रीत रीत म्हणतात ती देवाने घातली होती की आपणच आपल्या मानापोटी? आणि काकू खिडकीशी बसून विचार करत होत्या, की मी त्या दिवशी हात उचलला असता तर लोक काय म्हणाले असते. आणि लोकांच्या भीतीने मी कुणाला एकटं सोडलं? दोघांच्याही प्रार्थना त्या दोन दिवसांत मुक्याच झाल्या. पण प्रार्थना झाल्या, हे दोघंही कबूल करतात.

तिसऱ्या दिवशी ते व्हाइटहॉर्सच्या अलीकडच्या एका तळावर पोचले. जागा अवघड होती. मागे स्प्रूसची दोन झाडं, बाजूला खडक. काकूंना उभं राहता येईना. काकांनी घडीची खुर्ची काढली, गाडीच्या मागे मांडली, काकूंना तिच्यात बसवलं, पाय उलट्या बादलीवर ठेवला आणि न बोलता लाल मोजे त्यांच्या मांडीवर टाकले.

मग ते चालकाच्या जागी जाऊन बसले. आरशात खुर्ची, खुर्चीत आपली बायको, सिंहासनावरच्या राणीसारखी, लाल हात वर केलेले. ये. ये. उजवीकडे. ये. मग तळवा जमिनीकडे दाबला गेला. हळू, खाली, दमानं.

काकांनी गाडी थांबवली. बंद केली. उतरले आणि मागे आले.

"काय झालं? अजून बरीच जागा आहे," काकू म्हणाल्या.

"ती खूण पुन्हा कर."

"कुठली?"

"शेवटची."

काकूंनी तळवा खाली दाबला. काकांनी तो हात हातात घेतला.

"हे मोजे चर्चमध्ये घालून बसशील?"

"लाल?" काकू म्हणाल्या. "पास्टर क्लासेन व्यासपीठावरून खाली येतील, आणि तेही आडवे."

"मग बिनमोज्याचा हात. मांडीवर ठेव, पुस्तकावर. मी डोळे उघडे ठेवीन."

"आणि रीत?"

"रीतीला मी समजावतो. नाही पटलं तर तू समजाव, तुझं ऐकेल." ते दोन पावलं गेले आणि परत आले. "पण पहिल्या ओळीलाच सांगायचं, स्टीना. तिसऱ्या कडव्यापर्यंत वाट बघत बसायची नाही."

त्या संध्याकाळी टेबलाशी सूप थंड झालं नाही. चार ओळींचं गाणं झालं, खालच्या पट्टीत. दुसऱ्या दिवशी काकांनी खणातला नकाशा उचलला, चिठ्ठी खिशात घातली आणि वाटेवरच्या लॉजमधून फोन लावला. काकूंना काचेबाहेरून फक्त त्यांचं डोकं हलताना दिसलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "पास्टरला विचारलं, आगाथा पेनरला कुठवर वर जाता येतं. त्याला माहीत नव्हतं. अडतीस वर्षांत आम्हा दोघांपैकी एकानेही विचारलं नाही बघ."

ऑक्टोबरमध्ये, सुगीच्या आभाराच्या रविवारी, काका उभे राहिले. व्यासपीठाखाली भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, काकूंनी उत्तरेकडून आणलेली बेरीच्या मुरंब्याची बाटली. मी पुरुषांच्या तिसऱ्या बाकावर होतो, मला दोघंही दिसत होती. काकांनी क्रमांक सांगितला. फ्रान्झचाच. बाकांवरून वाऱ्यासारखी कुजबुज गेली.

त्यांनी अर्धी ओळ घेतली. सुरेख होती, पण सवयीने थोडी वर.

डाव्या बाजूच्या दुसऱ्या बाकावर काकूंचा तळवा पुस्तकावर खाली दबला.

काका थांबले. भर चर्चमध्ये, घेतलेली पट्टी त्यांनी सोडून दिली. त्यांनी बायकोकडे बघितलं, सगळ्यांदेखत बघितलं, आणि खालून पुन्हा सुरुवात केली. हात पुन्हा दबला नाही. तरी ते बघत राहिले. मग हात पुस्तकावर निवांत पडला.

आम्ही उरलेली अर्धी ओळ उचलली. तिसरं कडवं आलं, उंच जागा आली, आणि माझ्या मागून, बायकांच्या बाजूने, एक जुना, किरटा, कित्येक वर्षांत न ऐकलेला आवाज त्या जागेवर चढून उभा राहिला. मी रीत मोडून मागे वळून बघितलं. आगाथा पेनर काठीवर दोन्ही हात टेकून गात होती.

सहाही कडवी झाली.